प्लेग, चाळमालक आणि मदनपुऱ्याचे दार

मराठीत प्लेगचा इतिहास म्हटला की पुणे आठवते, रँड आठवतो, २२ जून १८९७ ची गणेशखिंड रस्त्यावरची रात्र आठवते. शाळेच्या पुस्तकांत तेवढेच आले आणि आपणही तेवढेच शिकलो. या इतिहासात घर येते ते मुख्यतः अब्रूचा प्रश्न म्हणून. गोरे सोजीर उंबरा ओलांडून आत आले, देवघरापर्यंत गेले, बायामाणसांना रस्त्यावर उभे केले. हे सारे खरेच आहे. परंतु ज्या मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, त्या मुंबईतल्या बहुसंख्य माणसांना घर नव्हतेच. त्यांना खोली होती आणि ती खोली दुसऱ्याची होती. १९०१ च्या शिरगणतीनुसार शहरातील शंभरातली ऐंशी माणसे एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होती. अशा माणसाच्या दारावर साथीच्या काळात थाप पडते तेव्हा प्रश्न अब्रूचा असतोच, पण त्याखाली आणखी एक प्रश्न असतो. हे दार उघडले तर खोली आपली राहील काय? मुंबईच्या प्लेगचा इतिहास या प्रश्नापासून वाचायला हवा असे आम्हांला वाटते, कारण त्याचे उत्तर ज्यांनी सर्वांत महाग किंमत देऊन शोधले त्यांत आपले मोमीन विणकर होते.

चाळीची व्यवस्था आधी समजून घ्यावी लागेल. मालक शक्यतो चाळीत राहत नसे. पुष्कळदा तो अख्खी चाळ ठरावीक रकमेवर मक्त्याने देई. मक्तेदार वर आपला नफा चढवून खोल्या भाड्याने लावी, मेहता किंवा भय्या पहिल्या तारखेला वसुलीला फिरे, आणि भाडे परवडावे म्हणून खोलीवाला आणखी दोन-चार पोटभाडेकरू घेई. दुरुस्ती या साखळीत कुठे बसते? कुठेच नाही. मक्तेदार म्हणे इमारत माझी नाही, मालक म्हणे भाडे माझ्या हाती येत नाही. १८८८ च्या म्युनिसिपल कायद्याने मालकाला नोटीस देऊन चुना मारायला, गटार नीट करायला लावण्याचा आणि राहण्यास नालायक घर बंद करण्याचा अधिकार कमिशनरला दिला होता. परंतु त्याच कायद्याने कॉर्पोरेशनच्या ७२ सभासदांपैकी ३६ वॉर्डांतून निवडून येत, आणि निवडून देणारे कोण, तर करदाते. म्हणजे घरमालकांचा वरचष्मा. ज्याला नोटीस जायची त्याचीच माणसे सभागृहात. एवढी सोय त्या काळी फार थोड्यांना लाभली.

मग साथ आली आणि जे दहा वर्षांत झाले नव्हते ते दहा आठवड्यांत करायचे ठरले. ६ ऑक्टोबर १८९६ च्या जाहीरनाम्याने म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी घरात शिरण्याचे, रोगी इस्पितळात हलवण्याचे, घर धुऊन काढण्याचे अधिकार घेतले. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला, मार्चमध्ये जनरल गॅटेकर यांच्या हाताखाली प्लेग कमिटी आली. गटारांत समुद्राचे पाणी सोडले गेले, खोल्यांत बंबाने औषधी पाणी मारले, उजेड यावा म्हणून कौले काढली, भिंतींना भोके पाडली, जमिनी खणल्या, अंथरुणे-पांघरुणे जाळली. दारांवर वर्तुळे रंगवली जात आणि राहण्यास नालायक ठरलेल्या घरांवर इंग्रजीत तीन अक्षरे, यू. एच. एच. ही सगळी एका अर्थाने दुरुस्तीच होती. वर्षानुवर्षे मालकाने न केलेली दुरुस्ती सरकार करीत होते, पण ती करताना मोडत होते ते भाडेकरूचे बिऱ्हाड. मालकाच्या दारावर वर्तुळ नव्हते.

आणि ही दुरुस्ती चुकीची होती हेही सांगितले पाहिजे. उंदराच्या पिसवेतून प्लेग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये कराचीत दाखवले. ते सर्वमान्य व्हायला १९०५ नंतरचे प्लेग संशोधन लागले, आणि त्यातले बरेचसे काम मुंबईतच झाले. गटारात पाणी सोडल्यावर उंदीर शेजारच्या चाळीत पळाले असणार. धान्याच्या वखारींच्या मांडवीत रोग का सुरू झाला हेही नंतर उलगडले. त्या वेळच्या अधिकाऱ्यांना हे ठाऊक नव्हते, तेव्हा त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण मग ज्याने दार लावून घेतले त्याला अडाणी म्हणण्यातही अर्थ नाही.

सरकारी कागदपत्रांत मात्र तसेच म्हटले गेले. भाडेकरू अडेल, रोगी लपवतो, खोटे पत्ते देतो, आणि मुसलमान भाडेकरू त्याहून अवघड, कारण त्याचा धर्म आड येतो. हे शेवटचे विधान आम्हांला तपासून घ्यावेसे वाटते. पडद्याचा प्रश्न होता. परक्या पुरुषाने जनान्यात शिरून बाईची काख-जांघ तपासावी हे कोणाही मुसलमानाला सहन होणारे नव्हते, आणि हिंदूलाही नव्हते. इस्पितळात मेलेल्याला आपल्या माणसांच्या हातचा गुस्ल आणि जनाजा मिळेल की नाही ही भीती होती. पण धर्म औषधाच्या आड आला नाही. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ ला स्वतःला लस टोचून घेतली. पुढे तरुण आगाखान, सुलतान मुहम्मद शाह, यांनी खोजा जमातीसमोर एकदा नव्हे तर अनेकदा ती टोचून घेतली आणि हाफकिन यांच्या प्रयोगशाळेला आपली वास्तू दिली. वेगवेगळ्या जमातींना स्वतःची प्लेग इस्पितळे काढू दिल्यावर तीच ‘अडेल’ माणसे आपले रोगी तिथे घेऊन जाऊ लागली. आपलीच माणसे उशाशी आहेत, निरोप घरी पोचतो आहे, एवढ्यावर विरोध बराच ओसरला. ऑक्टोबर १८९६ च्या अखेरीस आर्थर रोड इस्पितळावर चालून गेलेले हजारभर लोकही गिरणी कामगार होते, त्यांना कोणी एका धर्माचे म्हणून ओळखता येत नाही.

आता मदनपुरा. येथले मोमीन, ज्यांना सरकारी कागदांत जुलाहा म्हटले आहे, आझमगढ, बनारस, अलाहाबाद या बाजूंचे. १८५७ नंतरच्या धरपकडीत आणि विलायती कापडाने माग बसल्यावर ते दक्षिणेकडे सरकत मालेगाव, भिवंडी, मुंबई येथे आले. मुंबईत अनेकांनी हातमाग खोलीतच मांडला. म्हणजे खोली हे घर आणि तोच कारखाना. गिरणीवाल्याची खोली गेली तर गिरणी उरते, विणकराची खोली गेली की चूल आणि माग दोन्ही एका दिवसात जातात. शोधपथक दारात आल्यावर विणकर काय तोलत असेल याचा विचार करताना ही गोष्ट विसरता येत नाही.

९ मार्च १८९८ रोजी शोधपथक रिपन रोडवरच्या (आजचा मौलाना आझाद रोड) एका विणकराच्या घरी आले. घरात बारा वर्षांची मुलगी तापाने पडली होती. तिला हलवायचे म्हटल्यावर बापाने नकार दिला, शेजार जमला, दगड पडू लागले. पोलीस आले, मॅजिस्ट्रेट आले, गोळीबार झाला, माणसे मेली. दंगल पसरली, युरोपियन सैनिकही मारले गेले. दुसऱ्या दिवशी गोदी कामगार आणि बैलगाडीवाले कामावर गेले नाहीत. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते. मालाने भरलेली जहाजे उभी राहिल्यावर सरकारला जे दीड वर्षात पटले नव्हते ते पटू लागले आणि घरझडतीची सक्ती सैल झाली. हा प्रसंग इतिहासात ‘जुलाह्यांची दंगल’ म्हणून नोंदला गेला. जमातीचे नाव लागले, खोलीचे लागले नाही. चापेकरांवर पोवाडे झाले, पुस्तके झाली, चित्रपटही झाला. मदनपुऱ्याच्या त्या दाराची पाटीसुद्धा नाही. आमच्या लेखकांनीही त्याकडे पाहिले नाही, हे येथे म्हटलेच पाहिजे.

त्याच वर्षी मुंबई सुधार ट्रस्टचा कायदा झाला. ट्रस्टची पहिलीच योजना नागपाड्याची, मदनपुऱ्याला लागून. रोगट चाळी पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, नव्या चाळी बांधायच्या. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रस्ते त्यातून आले आणि शहराला हवा मिळाली हे नाकारण्याचे कारण नाही. पण पाडलेल्या चाळीची भरपाई मालकाला मिळे. महिन्याच्या भाड्यावर राहणाऱ्याच्या हाती जवळजवळ काही येत नसे. पाडणे भराभर झाले, बांधणे मागे रेंगाळले. हटवलेले लोक शेजारच्याच चाळींत दाटीने शिरले आणि तिथली भाडी चढली. ज्याने दुरुस्ती केली नाही त्याला पैसे मिळाले, ज्याने गळके छप्पर सोसले त्याला रस्ता. मदनपुऱ्याचा बाप जे ओळखून होता ते ट्रस्टने सरकारी शिक्क्यानिशी खरे करून दाखवले. (ट्रस्टच्या बी.आय.टी. चाळी मात्र पुढे अनेक कष्टकऱ्यांचा आधार झाल्या. बाबासाहेब आंबेडकर परळच्या अशाच चाळीत कितीतरी वर्षे राहिले.)

भाडेकरूच्या बाजूने कायदा यायला पहिले महायुद्ध लागले. १९१८ चा भाडे कायदा, मग १९४७ चा. १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण धरून गोठवले आणि भाडेकरूला प्रथमच पायाखाली जमीन मिळाली. दुरुस्तीची जबाबदारी मालकाचीच राहिली, पण भाड्याच्या रकमेत चुन्याची पोतीही येईनात. पागडीचा व्यवहार वाढला, मालकाने इमारत पडायची वाट पाहण्याची कला शिकून घेतली. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ झाले, १९,६४२ उपकरप्राप्त इमारती त्याच्या वहीत आल्या. दुरुस्तीसाठी काही महिन्यांकरिता संक्रमण शिबिरात गेलेल्यांची मुले तिथेच लग्नाची झाली. हे पाहिल्यावर डोंगरी, भेंडीबाजार, कामाठीपुरा इथला भाडेकरू टेकू लावलेल्या खोलीतून हलत नाही, त्याला आपण काय म्हणायचे? ३१ ऑगस्ट २०१७ ला पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत पडून ३३ माणसे गेली. १६ जुलै २०१९ ला डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग कोसळला. तेव्हाही ऐकू आले की लोक खाली करायला तयार नव्हते.

इथे आपल्या घरातले बोलायला हवे. या मोहल्ल्यांतले पुष्कळ मालक आपलेच आहेत. मेमन, खोजा, बोहरा, कोकणी व्यापाऱ्यांची घराणी आहेत, मशिदींचे आणि वक्फचे ट्रस्ट आहेत, कोकणातल्या गावांच्या जमातींनी घेतलेल्या खोल्या आहेत. मालक आणि भाडेकरू एकाच सफमध्ये नमाजाला उभे राहतात. त्यामुळे भांडण मिटते असे नाही, ते कागदावर येत नाही एवढेच. मालकाची बाजूही आम्हांला दिसते. भाड्यात इमारतीचा पाणीपट्टीचा खर्चही भागत नाही, वरच्या मजल्याच्या मोरीची गळती थांबवायची तर खालचा खोलीवाला प्लंबरला आत घेत नाही. पण तो घेत का नाही, याचे उत्तर शोधायला मालक क्वचितच बसतो.

२०२० च्या टाळेबंदीत हे सगळे पुन्हा वर आले. साथरोग कायदा तोच, १८९७ चा. दारावर पुन्हा पत्रके चिकटली. १७ एप्रिल २०२० ला राज्याच्या गृहनिर्माण विभागाने मालकांना सूचना दिली की किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलावी आणि थकबाकीसाठी कोणाला काढू नये. सूचनाच ती. ज्याच्याशी संबंध बरे त्याला सवलत मिळाली, ज्याच्याशी नव्हते त्याला ‘खोली दुरुस्तीला काढायची आहे’ असे सांगण्यात आले. त्याच महिन्यांत तबलिगी जमातीच्या नावाने जो गदारोळ उठवला गेला त्याने मुसलमान भाडेकरू पुन्हा एकदा ‘रोगी लपवणारा’ झाला. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे म्हटले. तोवर मजूर गावी निघून गेले होते. पावसाळ्याआधीची दुरुस्ती त्या वर्षी कित्येक ठिकाणी झालीच नाही. कारागीर गावाला, मालक घरात, भाडेकरू दार लावून. १६ जुलैला फोर्टमधील भानुशाली इमारतीचा भाग कोसळून १० माणसे दगावली. २१ सप्टेंबरच्या पहाटे भिवंडीत जिलानी इमारत झोपलेल्या कुटुंबांवर आली आणि चाळीसच्या आसपास माणसे गेली. भिवंडी हे त्याच मोमीन विणकरांचे दुसरे गाव. मुंबई बेटावर निदान दुरुस्ती मंडळ आहे, भिवंडीला तेही नाही.

१९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम २८ आहे. आधी सूचना देऊन, वाजवी वेळी, मालकाला खोलीची पाहणी करता येते. कलम १४ प्रमाणे खोली नीट ठेवणे त्याचे कर्तव्य आहे, आणि त्याने नोटिशीनंतरही हात हलवला नाही तर भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करून मर्यादेत खर्च भाड्यातून वळता करता येतो. दुरुस्तीसाठी खोली खाली करून घेतली तर दुरुस्त झालेल्या जागेत परत येण्याचा हक्कही कायदा मान्य करतो. ही कलमे मदनपुऱ्याच्या बापाजवळ नव्हती. आपल्याजवळ आहेत, आणि मोहल्ल्यातल्या किती जमातींनी, किती ट्रस्टांनी आपल्या भाडेकरूला ‘दुरुस्तीनंतर हीच खोली, एवढेच क्षेत्रफळ’ असा कागद सहीनिशी दिला आहे, हे प्रत्येक ट्रस्टच्या सालाना बैठकीत विचारता येण्यासारखे आहे.