हातभट्टी, लागर आणि देवळालीचा ताप

'क्राफ्ट बिअर'ला मराठी प्रतिशब्द शोधायला बसले की पहिल्याच मिनिटाला कोणीतरी 'हातभट्टी' म्हणते आणि मंडळी हसतात. हसू का यावे, हे मात्र पाहण्यासारखे आहे. हातमाग, हातकागद, हातसडीचे तांदूळ या सगळ्यांत 'हात' लागला की वस्तूचा मान आणि भाव दोन्ही वाढतात. एकट्या हातभट्टीला तो लागला की पोलीस येतात. उपसर्गासारखा वापरलेला हा 'हात' एकच, पण त्याचे नशीब शब्दागणिक निराळे.

यावर जाणकाराचा आक्षेप ठरलेला असतो. हातभट्टीत दारू गाळतात, बिअर नुसती आंबवतात, तिला ऊर्ध्वपातन नसते. तेव्हा भट्टी कसली? आक्षेप रसायनाच्या बाजूने बिनतोड आहे, व्युत्पत्तीच्या बाजूने नाही. 'भट्टी'च्या मागे संस्कृत 'भ्राष्ट्र' असावे, आणि त्याच्या मागे 'भ्रज्ज्' म्हणजे भाजणे हा धातू. आपले 'भाजणे' त्याच घरचे दिसते. भ्राष्ट्रात मुळात भाजत ते धान्य. आता बिअरचा पहिला संस्कार आठवा: जवाला मोड आणायचे आणि ते मोड भट्टीत वाळवायचे, भाजायचे. गडद बिअरचा काळसर रंग आणि कॉफीसारखा वास या भाजण्यातूनच येतो. म्हणजे भट्टीवर जुना हक्क दारूपेक्षा बिअरचाच ठरतो. मोड आलेल्या हिरव्या जवाला वैदिक वाङ्मयात 'तोक्म' असा स्वतंत्र शब्द आहे, आणि सौत्रामणी यागातल्या सुरेच्या सामग्रीत तो येतो. पारिभाषिक कोशवाल्यांनी बिअरसाठी 'यवसुरा' निवडली तेव्हा त्यांच्या मनात हेच असावे. शब्द सुरेख आहे, पण 'दोन थंड यवसुरा द्या' असे वेटरला अजून कोणी म्हटलेले दिसत नाही.

'सुरा' हा शब्दही वाटतो तेवढा सरळ नाही. 'सु' म्हणजे पिळणे या धातूशी त्याला जोडण्याचा मोह होतो, कारण सोम, सवन आणि आसव तिथूनच निघाले. पण अवेस्तात 'हुरा' हे मादक पेयाचे नाव सापडते, त्यामुळे सुरेचे गोत्र भारत-इराणी काळाइतके जुने असावे. कौटिल्याने तर सुराध्यक्षासाठी अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात अख्खा अध्याय खर्ची घातला आहे. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु असे प्रकार तो देतो आणि किण्व, म्हणजे आंबवण, कसे बांधावे याचीही कृती देतो. त्यात उडीद असतात, ही गोष्ट इडलीचे पीठ आंबवणाऱ्या घरांनी लक्षात घ्यावी. प्रसंगविशेषी कुटुंबाने घरी श्वेतसुरा करायला त्याची हरकत नाही. बाकी बहुतेक सरकारी देखरेखीखाली. घरचे आणि कारखान्याचे हा वाद काही आजचा नव्हे.

आता 'क्राफ्ट' पाहा. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता बळ, शक्ती. जर्मन 'क्राफ्ट' आजही तोच अर्थ धरून बसला आहे. इंग्रजीत तो बळाकडून कौशल्याकडे, तिथून कारागिरीकडे सरकला. आपल्या बाजारात मात्र बळाला वेगळा शब्द लागतो: स्ट्राँग. महाराष्ट्रातल्या कुठल्याही बिअर शॉपीवर गिऱ्हाईक दोनच जाती ओळखते, माइल्ड आणि स्ट्राँग. पहिलीत मद्यार्क पाच टक्क्यांच्या आत, दुसरीत आठपर्यंत. चवीचा उल्लेख दोन्हींत नाही. आणि 'माइल्ड'ही फसवा आहे. इंग्रज मद्यकारांच्या बोलीत माइल्ड म्हणजे सौम्य नव्हे, तर ताजी, न मुरवलेली. तिच्या उलट ती जुनी, मुरलेली.

मुरण्यावरून 'लागर'. जर्मनमध्ये 'लागर' म्हणजे कोठार, साठवण. थंड तळघरात कित्येक आठवडे ठेवून मुरवलेली ती लागर. 1842 साली बोहेमियातल्या पिल्झेन गावी सोनेरी लागर निघाली, तिच्यावरून 'पिल्सनर', आणि आज जगभर हिरव्या-तपकिरी बाटल्यांतून जे विकले जाते त्यातले बहुतेक तिचेच वंशज. गंमत अशी की ज्या बिअरला आपण घाईची, कारखान्याची म्हणतो तिच्या नावात सबुरी आहे, आणि जिला नाजूक हातांची म्हणतो तिच्या नावात ताकद आहे. पाट्यांची अदलाबदल झालेली दिसते.

'शॉपी'ही सोडवत नाही. बिअर शॉपी, मोबाईल शॉपी, साडी शॉपी हे रूप मराठी मुलखात जोमाने रुजले. 'शॉप'ला मराठीने लाडाने ईकार लावला असे वाटते. पण इंग्रजीत दुकानाला जुनाट, खानदानी भासवण्यासाठी शेवटी जादा अक्षरे लावून केलेले 'शॉप'चे एक लेखनरूप आहे. ती शेवटची अक्षरे आपण इमानदारीने उच्चारली असावीत. म्हणजे हस्तकलेचा देखावा करणारे स्पेलिंग गेले ते नेमके स्ट्राँग विकणाऱ्या टपरीवर.

आवडीचे म्हणाल तर माझी बाजू सांगून टाकतो. इंडिया पेल एल मला झेपत नाही. तिच्या नावात इंडिया आहे ते ती इथल्या गोऱ्यांसाठी लंडनहून जहाजाने येई म्हणून. प्रवासात टिकावी यासाठी हॉप्स भरपूर, म्हणून कडू. मराठीत कडवट, कडसर, कडूजहर अशा पायऱ्या आहेत. ही बहुधा तिसऱ्या पायरीवर उभी असते. गव्हाची बिअर मला आवडते, आणि जेवणाबरोबर साधी थंड लागर. माझा पुण्याचा भाचा हे ऐकून म्हणतो, "मामा, तुमची जीभ 1985 सालीच अडकलीय." असेल. चकण्याला खारे शेंगदाणे असले तर ती तिथेच बरी आहे. (हा 'चकणा' 'चाखणे'पासून आलेला, तिरळ्या डोळ्याच्या चकण्याशी त्याचे नाते नसावे, पण तिसऱ्या ग्लासानंतर श्लेष जुळतो.)

त्या भाच्याने मला ज्या ठिकाणी नेले त्याचे नाव मला बिअरपेक्षा जास्त चढले. डूलॅली. 2009 साली पुण्यात सुरू झालेली ही मायक्रोब्रुअरी. 'डूलॅली' म्हणजे इंग्रजी बोलीत वेडसर, डोके फिरलेला. आणि तो शब्द म्हणजे आपली नाशिकजवळची देवळाली. तिथे लष्कराची छावणी होती. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथे पडून राहत. जहाजे ठरावीक हंगामातच सुटत, त्यामुळे उकाड्यात महिनोन् महिने काम नाही. त्यांच्या वागण्याला सोबत्यांनी नाव दिले 'डूलॅली टॅप'. फ्रँक रिचर्ड्स या शिपायाने 1936 साली छापलेल्या आपल्या आठवणींत त्याचा खुलासा आहे. यातला 'टॅप' म्हणजे 'ताप'. संस्कृत 'तप्', फारसी 'तब', दोन्ही सख्खे. सोजिराने तो कोणत्या वाटेने उचलला हे सांगणे कठीण, बहुधा बाजारातल्या हिंदुस्थानीतून. आणि डूलॅलीवाले आपल्या जागेला 'टॅपरूम' म्हणतात. तो 'टॅप' मात्र जर्मेनिक, पिंपाला मारायचा खुंटा, पुढे तोटी. देवकुलाचे देऊळ, देवळाची देवळाली, तिचे वेड, आणि ते परत महाराष्ट्रात तोटीतून ग्लासात. एवढा फेरा कमीच शब्दांच्या नशिबी असतो.

हे सगळे मी लिहितो आहे बडोद्याच्या मांजलपुरात बसून, जिथे यातले काहीच परवान्याशिवाय विकत मिळत नाही. 1960 साली गुजरात वेगळा झाला तो मुंबई राज्याचा 1949चा दारूबंदी कायदा बरोबर घेऊन. बिअरवर मतभेद करायचे तर आम्हां बडोदेकरांना दमण गाठावे लागते, नाहीतर नवापूर. नवापूरचे तर रेल्वे स्टेशनच अर्धे गुजरातेत आणि अर्धे महाराष्ट्रात आहे. पण शब्दांना बंदी नाही. महाराष्ट्राने 'आबकारी' टाकून 'उत्पादन शुल्क' केले. फारसी 'आब' म्हणजे पाणी आणि 'कार' म्हणजे काम यांचा तो जुना समास कोरड्या गुजरातच्या खात्याने मात्र 'नशाबंधी' शेजारी जपून ठेवला आहे. फारसीत 'दारू' म्हणजे औषध. आपल्या 'दवादारू'त तो अर्थ जिवंत आहे, आणि गुजरातेत प्रकृतीच्या कारणासाठी दारूचा परवाना मिळतो तेव्हा तो शब्द आपल्या मूळ घरी परततो. इथल्या अभिमानाच्या औषध कंपनीचे, 1907च्या 'अलेम्बिक'चे नावही पाहा: ग्रीक 'आम्बिक्स', अरबी 'अल-अन्बीक', म्हणजे अर्क गाळायचे यंत्र. 'अर्क' हा मूळ अरबीत घाम. यंत्राच्या नळीवर घामासारखे थेंब जमतात त्यावरून तो आला. आपण त्यावरून बेरकी माणसाला अर्क म्हणू लागलो आणि चित्रकाराच्या फटकाऱ्याला अर्कचित्र.

माझ्या कपाटात द्राक्षासवाची बाटली आहे, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून रीतसर आणलेली. धायटीच्या फुलांनी आंबवलेली, लेबलावर स्वयंजनित मद्यार्काची टक्केवारी छापलेली. ती स्ट्राँग बिअरच्या आसपास जाते. डोस जेवणानंतर चार चमचे, समभाग पाण्यातून. बुडाशी गाळ, झाकण उघडले की आंबूस-गोड वास. कौटिल्याला ती लगेच ओळखू आली असती.

शेवटी एक न सुटलेला शब्द तुमच्यापुढे ठेवतो: 'पिठा'. जुन्या मुंबईत दारूचा पिठा, गुजरातीत दारूचे 'पीठुं'. गुजरातीत 'पीठ' म्हणजे एखाद्या मालाची बाजारपेठ, तेव्हा संस्कृत 'पीठ' म्हणजे आसन, ठाणे, हीच व्युत्पत्ती बळकट दिसते. पण मनुस्मृतीत सुरेचे तीन प्रकार सांगितले आहेत, गौडी, माध्वी आणि पैष्टी, आणि यातली पैष्टी 'पिष्टा'ची, म्हणजे धान्याच्या पिठाची, बिअरची जवळची बहीण. पिठा हा पैष्टीचा तर नव्हे? माझे मत आज तरी बाजारपेठेकडे झुकते. जुन्या बडोद्याच्या आबकारीच्या कागदांत, लिलावाच्या जाहिरातींत किंवा घरातल्या मोडी दप्तरात हा शब्द कोणाला भेटला असेल, तर तो कोणत्या मालासाठी आणि कोणत्या साली वापरला आहे, एवढे जरूर कळवावे.