तंबूचं उर्वरित आयुष्य

आमच्या बँकेत कर्जाचा एक फॉर्म आहे. त्यात बत्तीस रकाने. एकतीस रकाने शाळकरी पोरानेही भरावेत. माणसाची खरी परीक्षा होते ती नवव्या रकान्यात : 'तारण मालाचे उर्वरित आयुष्य (वर्षे)'. तसा घसारा हा माझा आवडता विषय. कॉमर्सला असताना मी तो दोनदा अभ्यासला होता. एकदा मार्चमध्ये आणि एकदा ऑक्टोबरमध्ये.

तर एके दिवशी मंडपवाले अण्णा माझ्या टेबलाशी येऊन बसले. तारण होतं चौदा कॅनव्हासच्या राहुट्यांचं. डिसेंबरात शाळांची शिबिरं सुरू व्हायच्या आत त्यांना आणखी सहा राहुट्या शिवून घ्यायच्या होत्या. उशीर झाला तर हंगाम जाणार आणि गिऱ्हाईक पलीकडच्या नायलॉनवाल्याकडे वळणार. यंत्राचं आयुष्य मला ठाऊक, ट्रकचं ठाऊक, पण तंबूचं?

"अण्णा, तुमच्या राहुट्या टिकणार किती?"

"साहेब, यातल्या पाच वडलांच्या वेळच्या आहेत."

"आणि बाकीच्या?"

"त्यातल्या तीन मी घेतल्या आणि मीच भंगारात घातल्या."

आता हे कोणत्या घसाऱ्यात बसवायचं? मॅनेजरसाहेब म्हणाले, "काहीतरी आधार शोधा." आधार म्हणजे आमच्याकडे कागद. मी शनिवारी वाचनालयात जाऊन बसलो आणि थेट अकबरापासून सुरुवात केली.

अबुल फझलने 'आईन-इ-अकबरी'त बादशाही मुक्कामाचा हिशेब इतका चोख लिहिला आहे, की तो आमच्या शाखेत हवा होता असं वाटतं. एक छावणी हलवायची तर 100 हत्ती, 500 उंट, 400 गाडे आणि 100 हमाल. तंबू उभारायला 1000 फरास. शिवाय 150 झाडूवाले. उंटावरचे शहाणे आमच्या हेड ऑफिसातही आहेत, पण इतके नाहीत. मोठ्या बारगाहीत दहा हजारांहून अधिक माणसं मावत आणि ती उभी करायला हजार फरासांना आठवडा लागे. साधी बारगाहही दहा हजार रुपयांच्या पुढे! हे फरास म्हणजे आपल्या पुण्याच्या फरासखान्यातलेच. आज फरासखाना म्हटलं की पुणेकराला पोलीस आठवतात. पण मुळात ते तंबू, कनाती, सतरंज्या सांभाळायचं पेशव्यांचं खातं.

औरंगजेबाने तर तंबूची परीक्षाच घेतली. 1681 साली हा गृहस्थ दख्खनेत उतरला तो परत दिल्लीला गेलाच नाही. 1707 साली नगरजवळ भिंगारला वारला तोवरची पंचवीस वर्षं बरीचशी छावण्यांतच गेली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं. बादशहाचं हत्तीच्या पाठीवर, एवढाच फरक. 1689 साली तुळापूरच्या छावणीत संताजी घोरपडे आणि विठोजी चव्हाण शिरले, त्यांनी शाही डेऱ्याचे दोर कापले आणि सोन्याचे कळस घेऊन गेले, अशी हकिगत बखरींतून येते. मराठी माणसाचा ऊर भरून येतो. माझाही आला. पण फॉर्म समोर असल्यामुळे मला दुसरंच दिसलं. आतला खांब कितीही भक्कम असला तरी डेरा उभा असतो दोरांवर. मी वहीत टिपलं : 'दोर तपासणे.'

विलायतवाल्यांचा हिशेब वेगळा. अमेरिकेच्या लष्करातल्या हेन्री सिब्ली नावाच्या अधिकाऱ्याने 1856 साली एका तंबूचं पेटंट घेतलं. तिथल्या आदिवासींची टिपी पाहून केलेला शंकूसारखा आकार, मधे तिवईवर एकच खांब, आत शेगडी आणि डझनभर माणसं. खांब एक म्हणजे वजन कमी, उभारणी झटपट. पण सगळा भारही त्या एकावरच. आमच्या राहुटीला दोन खांब आणि वर आडवं दांडकं. उभारायला वेळ जास्त, पण ताण वाटला जातो. सिब्लीला दर तंबूमागे पाच डॉलर रॉयल्टी मिळायची, त्यात एक भागीदारही होता. मग यादवी युद्ध लागलं, आणि साहेब दक्षिणेच्या बंडखोर बाजूला गेले. उत्तरेच्या सरकारने युद्धात त्याचे चाळीस हजारांवर तंबू वापरले. सिब्लीच्या हिश्श्याचा छदामही दिला नाही. 'खातेदाराने शाखा बदलल्यास' या सदरात हे उदाहरण घालावं म्हणतो.

आणि टिकायचं म्हणाल तर टिपू सुलतानाचा तंबू पाहा. 1799 साली श्रीरंगपट्टण पडलं आणि हा फुलाफुलांच्या छिटाचा सुती तंबू क्लाइव्ह घराण्याबरोबर वेल्समधल्या पोविस किल्ल्यात गेला. तिथे बागेतल्या मेजवान्यांना तो वापरलाही. दोनशेहून अधिक वर्षं झाली, अजून आहे. जोधपूरच्या मेहरानगडावर 17व्या शतकातला रेशमी मखमलीचा लाल डेराही आहे. मी खुशीत आलो. नवव्या रकान्यात 'दोनशे वर्षे' लिहायची माझी तयारी झाली होती.

सोमवारी अण्णांच्या गोदामात गेलो. राहुट्या दोरीवर पसरलेल्या. अण्णा एकेकीला नाक लावून हुंगत होते, आंबा हुंगावा तसे.

"हे काय?"

"वास बघतोय. साहेब, कॅनव्हास पावसात मरत नाही. सूत भिजलं की फुगतं, भोकं बुजतात, पाणी आत येत नाही. नवी राहुटी आम्ही मुद्दाम भिजवून वाळवतो. फक्त पाऊस चालू असताना आतून बोट लावायचं नाही. लावलं तिथून ठिबकायला लागतं. पोरं हमखास लावतात."

"मग मरते कशाने?"

"गुंडाळताना. शिबिर संपलं, घाई झाली, ओली तशीच बांधली, की आत बुरशी. आठ दिवसांत काळे ठिपके. त्या तीन मी तशाच घालवल्या. मुलगी आजारी होती तेव्हा, लक्ष नव्हतं."

"आणि नायलॉन?"

"हलकं असतं, कुजत नाही. पण उन्हाने जातं, आणि आत घाम धरतं. ज्याचं त्याचं औषध वेगळं."

टिपूचा तंबू दोनशे वर्षं टिकला तो कापडामुळे नव्हे, कोणीतरी तो वाळवून ठेवत आलं म्हणून, हे तेव्हा माझ्या बी.कॉम. डोक्यात शिरलं. मी नवव्या रकान्यात लिहिलं : 'दहा (वाळवून ठेवल्यास).'

चार दिवसांनी हेड ऑफिसकडून पत्र : 'कंसातील मजकुराचा खुलासा करावा.' मी दोन पानी खुलासा पाठवला. त्यात अकबर, औरंगजेब, संताजी, सिब्ली आणि सोबत अण्णांचं नाक. मॅनेजरसाहेबांनी डोळे मिटून सही केली. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मंजुरी आली. सहाच्या जागी चार राहुट्यांची, आणि 'यापुढील खुलासे संक्षिप्त असावेत' या शेऱ्यासह. अण्णा म्हणाले, "चार तर चार. हंगाम निघाला."

त्या संध्याकाळी मी खुशीत घरी आलो. दारातच सौ. उभी. तिच्या हातात जूनपासून बॅगेत गुंडाळून ठेवलेला माझा रेनकोट होता, आणि ती तो अण्णांसारखाच हुंगत होती.