नौगावचे गांजापारखी

एकोणिसाव्या शतकात बंगालच्या राजशाही जिल्ह्यातल्या नौगाव परिसरात गांजाचं पीक सरकारी परवान्यानं निघे. पण पिकाचं भवितव्य ठरे ते पारख्याच्या नजरेवर. त्याला पोद्दार किंवा परखदार म्हणत. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याचं नाव ‘गांजा डॉक्टर’ ठेवलं होतं.

काम एकच: नर रोपं फुलण्याआधी ओळखून उपटायची.

कारण साधं होतं. गांजाच्या पिकात नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि पराग वाऱ्यावर उडतात. पराग मिळाला की मादीच्या फुलोऱ्यात बी भरतं, मालाची प्रत उतरते. एखादा नर नजरेतून निसटला, तर आसपासच्या तुऱ्यांतही बी धरे. शिवाय मादीवरच कधी चुकार नरफुलं उमलत. त्यामुळे थोडं बी धरायचंच.

वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेन यांनी १८९३ मध्ये या शेतीवर अहवाल लिहिला. त्याच वर्षी नेमलेल्या भारतीय भांग-गांजा आयोगाने ११९३ साक्षी नोंदवल्या. पुढे १९१७ मध्ये नौगावच्या गांजा उत्पादकांनी सहकारी संस्था काढली.