जिलबी, ताबा आणि एक लठ्ठ उंदीर

गेल्या महिन्यात चुलतभावाच्या लग्नात पंगतीला बसलो होतो. शेजारी आतेबहीण. तिने वाढप्याकडून दुसरी जिलबी घेतली आणि समोरून काकूंचा टोला आलाच, "अगं, जरा जिभेवर ताबा ठेव!" सगळे हसले. मीही हसलो. तीसुद्धा हसली, पण जिलबी तशीच ताटात राहिली.

मी त्या दिवशी चार जिलब्या हाणल्या होत्या. मला कोणी चकार शब्द बोललं नाही, कारण आम्ही पडलो पाप्याचं पितर! घरी आल्यावर हे काही डोक्यातून जाईना. माझ्या जिभेवर तरी कुठे ताबा होता? मग त्या शनिवार-रविवारी वाचत बसलो आणि एका उंदराची गोष्ट सापडली.

साल १९४९. अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर नावाचं गाव आहे. तिथल्या जॅक्सन लॅबोरेटरीत संशोधनासाठी उंदरांच्या वंशावळी जपतात. एका वंशात अचानक गोलमटोल पिल्लं निघाली. सतत खायची आणि वाढून साध्या उंदराच्या जवळजवळ तिप्पट वजनाची व्हायची. आई-बाप दोघांकडून सदोष जनुक आलं तरच हा प्रकार व्हायचा. त्या जनुकाचं नाव पडलं 'ओबी'. पुढे १९६६ मध्ये तसाच लठ्ठ, शिवाय मधुमेही असा दुसरा वंश जाहीर झाला, तो 'डीबी'.

आता गोष्टीत येतात डग्लस कोलमन. हे मूळचे कॅनडाचे. त्यांनी जे केलं ते वाचून मला थेट ऑफिसमधलं डीबगिंग आठवलं. दोन उंदीर शस्त्रक्रियेने असे जोडायचे की एकाचं थोडं रक्त दुसऱ्यात जाईल. (उंदरांचे हाल झाले, हे खरंच.) मग निकाल बघा:

डीबी आणि साधा उंदीर: साध्याने खाणं सोडलं आणि तो उपासमारीने मेला.
ओबी आणि साधा उंदीर: साध्याला काही झालं नाही, ओबी मात्र कमी खायला लागला.
डीबी आणि ओबी: ओबी उपाशी मेला, डीबी आपला लठ्ठच.

म्हणजे रक्तातून 'पोट भरलं, आता पुरे' असा काहीतरी निरोप फिरतो. ओबीला तो निरोप पाठवताच येत नाही, पण आला तर कळतो. डीबी धो धो पाठवतो, पण त्याला स्वतःला तो ऐकूच येत नाही. एकाचा सेंडर गेलेला, दुसऱ्याचा रिसीव्हर! हे सगळं १९७३ पर्यंत मांडून झालं होतं. पण लठ्ठपणा म्हणजे निव्वळ वागणुकीचा दोष, असं मानणारेच तेव्हा जास्त. थोडक्यात, काकू सगळीकडेच होत्या.

तो निरोप सापडायला १९९४ उजाडलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने ओबी जनुक शोधून काढलं. त्यातून बनणारं संप्रेरक चक्क चरबीच्या पेशी तयार करतात. ग्रीक 'लेप्टोस' म्हणजे सडपातळ, त्यावरून नाव ठेवलं लेप्टिन.

उंदरांचं ठीक आहे हो, माणसांचं काय? १९९७ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी मूळच्या पाकिस्तानी कुटुंबातल्या दोन भावंडांची नोंद केली. आठ वर्षांची मुलगी ८६ किलो, तिचा दोन वर्षांचा चुलत-मावस नात्यातला भाऊ २९ किलो. दोघांच्या शरीरात लेप्टिन जवळजवळ नव्हतंच. पुढे त्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं दिली आणि वर्षभरात तिचं वजन सुमारे १६ किलोने उतरलं. तिची भूकच ताळ्यावर आली. इतकी वर्षं तिलाही 'ताबा ठेव' म्हणणारं कोणीतरी असेलच ना?

अर्थात असा दोष अगदी दुर्मिळ. बहुतेक लठ्ठ माणसांत लेप्टिन भरपूर असतं, मेंदू त्याला पुरेशी दाद देत नाही. म्हणून लेप्टिन हे सर्वांसाठी जादूचं औषध ठरलं नाही.

सर्वसामान्यांचा धागा मिळाला २००७ मध्ये. सुमारे ३९,००० लोकांच्या अभ्यासात 'एफटीओ' नावाच्या जनुकाचा एक प्रकार सापडला. ज्यांच्याकडे त्याच्या दोन्ही प्रती होत्या ते, एकही प्रत नसलेल्यांपेक्षा, सरासरी तीन किलो जड. मग २००८ मध्ये स्कॉटलंडच्या शाळकरी मुलांवरचा अभ्यास आला. हा प्रकार असलेल्या मुलांची शरीरं ऊर्जा कमी जाळत होती असं काही नव्हतं. समोर ठेवलेल्या पदार्थांतून ती जास्त कॅलरीचे पदार्थ उचलत होती, इतकंच. म्हणजे ताटात काय घ्यावंसं वाटतं, यातही जनुकांचा हात.

मग काय, सगळं नशिबावर सोडायचं? नाही. २०११ मध्ये दोन लाखांहून जास्त प्रौढांची माहिती एकत्र केली, तेव्हा अंगमेहनत करणाऱ्यांत एफटीओचा प्रभाव साधारण पाव हिश्शाने कमी दिसला. डीफॉल्ट सेटिंग प्रत्येकाची वेगळी, ती थोडीफार बदलता येते. पण बदलायला कोणाला किती जोर लावावा लागतो ते बाहेरून दिसत नाही.

काल बहिणीला फोन करून सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "दादा, तुझ्या लक्षात आहे ते? मला वाटलं, फक्त माझ्याच लक्षात राहिलंय."

पुढच्या महिन्यात घरात बारसं आहे. काकू असणारच. या वेळी मी हसणार नाही, एवढं नक्की.