छर्ऱ्यांनी पाडलेलं फुलपाखरू

फुलपाखरू धरायला काय लागतं? जाळं आणि चपळ पाय. लहानपणी आम्ही तर नुसत्या टोपीने धरायचो. पण १९०६ साली न्यू गिनीच्या जंगलात, मांबारे नदीच्या वरच्या अंगाला, अल्बर्ट मीक नावाच्या इंग्रजाने एक फुलपाखरू चक्क बंदुकीने पाडलं. चेष्टा नाही. छर्ऱ्यांनी भोकं पडलेली ती मादी आजही लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. गेल्या शनिवारी एका डिप्लॉयमेंटवर लक्ष ठेवत बसलो होतो, तेव्हा तिचा फोटो समोर आला. मग पहाटे तीनपर्यंत हेच वाचत बसलो.

बंदूक का? कारण हा प्राणी झाडांच्या शेंड्यांवर उडतो. आणि आकार म्हणाल, तर ए-फोर कागद आडवा धरा. मादीचे पसरलेले पंख जवळजवळ तेवढे, २५ सेंटिमीटरच्याही वर. जगातलं सगळ्यात मोठं फुलपाखरू. मादी तपकिरी, नर लहान पण निळा-हिरवा, झगमगीत.

मीक हे सगळं वॉल्टर रॉथशिल्डसाठी करत होता. रॉथशिल्ड म्हणजे बँकवाल्या घराण्यातला, बँकेत मन न रमलेला मुलगा. झेब्रे जुंपलेली गाडी लंडनमधून हाकणारा. (श्रीमंतांचे वीकेंड प्रोजेक्ट वेगळेच असतात.) १९०७ मध्ये त्याने या फुलपाखराला सातव्या एडवर्डच्या राणीचं, अलेक्झांड्राचं नाव दिलं. क्वीन अलेक्झांड्राज बर्डविंग.

राणी कधी तिकडे गेली नाही, आणि फुलपाखरू कधी तिथून बाहेर पडलं नाही. आजच्या पापुआ न्यू गिनीतल्या ओरो प्रांतापलीकडे ते सापडतच नाही. कारण खाणं. त्याच्या अळ्या ॲरिस्टोलोकिया गटातले विषारी वेल खातात. ते विष अंगात साठतं, म्हणून पक्षी नादी लागत नाहीत. आपल्या आंबोलीत दिसणारं सदर्न बर्डविंग हे याचं लांबचं भावंड, तेही सापसनच्या वेलावर हेच करतं. पण ते बरंच पसरलेलं आहे. ओरोतल्या राणीसाहेबांचा पसारा फारच लहान.

त्यात २१ जानेवारी १९५१ रोजी माउंट लॅमिंग्टन फुटला. हा डोंगर ज्वालामुखी आहे हेच तोवर लक्षात आलं नव्हतं. तीन हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि या फुलपाखराच्या जंगलाचा मोठा तुकडाही जळून गेला. त्यातून पुन्हा रान उगवलं असतं. ज्वालामुखीची माती सुपीक, वेल तिथे जोमात वाढतो. अडचण अशी की त्याच मातीत ऑइल पामही जोमात वाढतो. १९७६ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जाने पोपोंडेट्टाच्या सपाटीवर पामची लागवड सुरू झाली, आणि राख जे करू शकली नव्हती ते बागायतीने केलं. (आठवतंय ना रेशनचं पामतेल? ते बहुधा तिकडचं नव्हे; आपल्याकडे मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियाचं येतं. तरी बिस्किटाचा पुडा उचलून मी घटक वाचलेच.)

खरी गोम मात्र पुढे आहे. १९६६ मध्ये तिथल्या कायद्याने या फुलपाखराला संरक्षण दिलं. १९८७ मध्ये ते साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेलं, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापार साफ बंद. ऐकायला उत्तम. पण त्या देशात जवळजवळ सगळी जमीन तिथल्या कुळांच्या परंपरागत मालकीची आहे. तिथे जंगल वाचवायचं म्हणजे गावकऱ्याला वाचवावंसं वाटायला हवं. याच देशात बुलोलोला सरकारी एजन्सी होती. तिथे इतर बर्डविंग बाळगणारे गावकरी वेल लावून, कोष जपून कायदेशीर पैसे कमवत. ओरोतल्या माणसाला त्याच्या रानातल्या सगळ्यात मौल्यवान फुलपाखराचा कायदेशीर भाव मात्र शून्य. पामच्या घडांना रोख पैसे. तुम्ही काय लावलं असतं? मी तर पामच.

आमच्याकडे एखादा फायरवॉलवर सगळंच ब्लॉक करून मोकळा होतो, तसलंच हे. सुरक्षित आहे, काम कुणाचंच होत नाही, मग लोक बाजूचं दार शोधतात. दार होतंच. २००६ मध्ये लॉस एंजेलिसला हिसायोशी कोजिमा हा जपानी व्यापारी पकडला गेला. गिऱ्हाईक बनून त्याच्याशी सलगी करणारा माणूस वन्यजीव खात्याचा निघाला. विकलेल्या मालात ही राणीही होती. २००७ मध्ये २१ महिन्यांची शिक्षा झाली.

बंदी उठवा असं मी म्हणत नाही. उठवली तर चार कोजिमा रांगेत उभे राहतील. पण ती आली तेव्हा गावकऱ्याच्या हातात काय राहणार हे कुणी विचारलेलं दिसत नाही, त्याचा राग येतो. २०१७ मध्ये याच प्रांतातलं मनागलास पठार संरक्षित क्षेत्र जाहीर झालं, साडेतीन लाख हेक्टरहून मोठं, आणि त्यामागे तिथल्या कुळांची तीसेक वर्षांची खटपट होती. हे फुलपाखरू त्या पठारावरही आहे.

डिप्लॉयमेंट केव्हाच संपलं होतं. झोपण्याआधी मी तो म्युझियमचा फोटो पुन्हा मोठा करून भोकं शोधत बसलो.