डोंगरीचा तुरुंग आणि दुसऱ्याचा मजकूर

"लिहिले दुसऱ्याने, आम्ही नुसते पुढे पाठविले," ही सबब हल्ली लाखांदुरातही वरचेवर कानी येते. मोबाईल नवा खरा, पण सबब जुनी आहे आणि महाराष्ट्रात ती १८८२ सालीच कोर्टात आपटली.

'केसरी' व 'मराठा' ही पत्रे १८८१ च्या जानेवारीत निघाली. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांस वेड लागले असे सरकार म्हणे. कारभारी माधवराव बर्वे त्यांचा छळ करवितात, असे लोक म्हणत. बर्व्यांची म्हणून काही पत्रे पुण्यास आली. त्यांच्या भरवशावर आगरकर-टिळकांनी मजकूर छापला. बर्व्यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद केली आणि पत्रे बनावट ठरली. दोघांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची साधी कैद झालीच. डोंगरीत एकशे एक दिवस काढून ते २६ ऑक्टोबरला सुटले. खटला चालू असता दहा हजारांच्या जामिनाची सोय जोतीराव फुल्यांनी रामशेट उरवणे यांच्याकरवी केली. मतभेद असून केली, हे आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना विशेष वाटते.

पत्रे काही या दोघांनी रचली नव्हती. मग शिक्षा कशाची? १८६० च्या दंडसंहितेचे ४९९ कलम मजकूर रचणाऱ्याला धरते, तसेच तो प्रसिद्ध करणाऱ्यालाही धरते. सद्भावनेची सूट आहे. पण कायद्यातली सद्भावना म्हणजे नुसते स्वच्छ मन नव्हे, योग्य काळजी घेऊन केलेली खातरजमा. बिडीच्या ठेकेदाराने छाट फार काढली असे पत्रक काढायचे, तर मजुरीची वही स्वतः पाहिल्याखेरीज आम्ही त्याचे नाव घालीत नाही, ते याचसाठी.

जुलै २०२४ पासून तेच कलम न्याय संहितेत ३५६ क्रमांकाने आले. दोन वर्षांपर्यंतची साधी कैद कायम आहे. समाजसेवेची शिक्षा तेवढी नवी. संदेश पुढे पाठविणे म्हणजे तो मान्य करणे, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०१८ साली एका नटाच्या प्रकरणात म्हटले.

आपल्या शेजारच्या अर्जुनी मोरगावचे प्रकरण मात्र निराळे. तेथे व्हॉट्सॲप गटात एका सभासदाने स्त्रीविषयी गलिच्छ मजकूर टाकला, आणि त्यास काढले नाही म्हणून गटप्रमुखावरही गुन्हा नोंदला गेला. सभासद काय लिहील हे प्रमुखास आधी कळत नाही, आणि दोघांचा समान इरादा दिसत नाही, म्हणून नागपूर खंडपीठाने २०२१ साली प्रमुखावरचा गुन्हा रद्द केला. स्वतःच्या बोटाने मजकूर पुढे ढकलणाऱ्यास या निकालाचा आडोसा मिळत नाही.