वडापाव

वडापाव हा बटाटावडा आणि पाव यांच्या संयोगातून मुंबईत रूढ झालेला खाद्यपदार्थ आहे. लादी पाव एका कडेला न तोडता मधोमध चिरून त्याला चटणी लावतात, त्यात गरम बटाटावडा दाबून बसवतात आणि सोबत तळलेली, मीठ लावलेली हिरवी मिरची देतात. दादर, परळ, लालबाग आणि गिरगाव या भागांशी या पदार्थाचा विशेष संबंध आहे. वडापाव रस्त्यावर उभ्याने खाण्याचा पदार्थ म्हणून प्रसिद्धीस आला. तथापि त्याचा मुख्य भाग असलेला बटाटावडा मुळात घरातील आणि उपाहारगृहातील आहे. पाव मात्र मराठी घरांत सहसा केला जात नाही. तो भट्टीवरूनच आणला जातो. भिन्न परंपरांतून आलेले हे दोन घटक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या रस्त्यावर एकत्र आले.

नाव आणि घटक

'पाव' आणि 'बटाटा' हे दोन्ही शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आले आहेत. बटाटा आणि मिरची ही मूळची अमेरिका खंडातील पिके असून पोर्तुगीजांच्या संपर्कामुळे ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचली. डाळीचे पीठ, मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता हे घटक मात्र जुन्या स्वयंपाकातले आहेत. अस्सल मराठी मानल्या जाणाऱ्या या पदार्थात असे देशी आणि परदेशी घटक एकजीव झाले आहेत.

पाव आणि सोवळ्याची कल्पना

गोव्यात पाव भाजणाऱ्या व्यावसायिकास 'पोदेर' म्हणतात. पूर्वी पीठ फुगवण्यासाठी ताडामाडाची सूर वापरली जाई. मुंबईत गोव्याचे ख्रिस्ती, इराणी आणि मुसलमान व्यावसायिकांनी पावाच्या भट्ट्या चालवल्या. त्यामुळे कर्मठ हिंदू कुटुंबांत पाव दीर्घकाळ निषिद्ध होता. विहिरीत पावाचा तुकडा टाकून गाव बाटवल्याच्या कथा वसई आणि गोव्याच्या परिसरात सांगितल्या जात. खाण्यापिण्याविषयीचे हे निर्बंध किती कडक होते, याची कल्पना पुण्यातील पंचहौद मिशन प्रकरणावरून येते. १८९० साली तेथील कार्यक्रमात चहा-बिस्किटे दिली गेल्यावरून न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदींवर ग्रामण्याचा प्रसंग ओढवला होता.

मुंबईत गिरण्यांची वस्ती वाढली, इराणी हॉटेले निघाली आणि चहा-पाव हा कष्टकऱ्यांचा नित्याचा आहार झाला. घरच्या वड्याला पावाची जोड मिळण्यापूर्वी पावाविषयीचा संकोच अशा रीतीने शहरात बराच ओसरला होता.

इतिहास

दादर

वडापावाच्या विक्रीची सुरुवात केल्याचे श्रेय सामान्यतः अशोक वैद्य यांना दिले जाते. १९६६ साली दादर स्थानकाबाहेर त्यांनी आपल्या गाडीवर वडा पावात घालून देण्यास प्रारंभ केला, असे सांगितले जाते. शेजारीच ऑम्लेट-पाव विकला जात असल्याने ही कल्पना सुचली, अशीही आख्यायिका आहे. त्याच सुमारास दादरमध्ये सुधाकर म्हात्रे यांनीही वडापाव विकण्यास सुरुवात केली, असे मानणारा दुसरा मतप्रवाह आहे.

पश्चिम आणि मध्य या दोन्ही उपनगरी रेल्वेमार्गांची दादर येथे गाठ पडते. गाडी बदलणाऱ्या प्रवाशाजवळ वेळ थोडा असतो आणि बसण्यास जागा नसते. पानात किंवा बशीत वाढलेला वडा खाण्यापेक्षा पावात धरलेला वडा चालता चालता खाणे सोयीचे होते. पावामुळे हाताला तेल लागत नाही, चटका बसत नाही आणि थोडक्या पैशांत पोट भरते.

गिरणगाव

परळ, लालबाग, भायखळा, वरळी या परिसरास गिरणगाव म्हणतात. येथील गिरण्या पाळ्यांमध्ये चालत. कोकण आणि घाटावरून एकटे आलेले कामगार खाणावळीत जेवत. या खाणावळी बहुधा कामगार वस्तीतील स्त्रिया चालवीत. अशा स्त्रियांच्या संघटनेसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. दोन जेवणांच्या मधल्या वेळेची गरज वडापावाने भागवली.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात सहभागी होते. संप फसला, अनेक गिरण्या बंद पडल्या आणि हजारो कुटुंबांचे उत्पन्न थांबले. या काळात उपजीविकेसाठी अनेकांनी वडापावाच्या गाड्या लावल्या. कढई, स्टोव्ह आणि थोडे भांडवल एवढ्यावर हा व्यवसाय उभा राहू शकत असे. वडे करण्याचे कौशल्य घरातील स्त्रियांजवळ होतेच. घरी सारण आणि चटणी तयार करायची व नाक्यावर वडे तळायचे, अशी कामाची विभागणी अनेक कुटुंबांत दिसे. कामगारांची भूक भागवणारा हा पदार्थ काम गेल्यावर त्यांच्या उपजीविकेचे साधन झाला.

१९६६ सालीच स्थापन झालेल्या शिवसेनेने मराठी तरुणांना या व्यवसायासाठी प्रोत्साहन दिले. त्यामुळे वडापावास मराठी अस्मितेचे प्रतीक म्हणूनही स्थान मिळाले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी जम्बोकिंग आणि गोली यांसारख्या साखळी दुकानांनी वडापाव ठरावीक आकारात आणि वेष्टनात विकण्यास सुरुवात केली.

घरगुती कृती

पुढील प्रमाणात मध्यम आकाराचे दहा वडे होतात.

साहित्य

सारण: बटाटे अर्धा किलो, हिरव्या मिरच्या ८ ते १०, लसणीच्या पाकळ्या ८ ते १०, आले एक इंच, कढीपत्त्याची ७-८ पाने, मोहरी, हिंग, हळद, कोथिंबीर, अर्ध्या लिंबाचा रस, मीठ, फोडणीपुरते तेल.

आवरण: डाळीचे पीठ दीड वाटी, तांदळाचे पीठ एक मोठा चमचा, हळद, मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा, कडकडीत तेलाचे मोहन एक मोठा चमचा, लागेल तसे पाणी.

सुकी चटणी: किसलेले सुके खोबरे पाऊण वाटी, लसणीच्या १५ पाकळ्या, लाल तिखट दोन चमचे, भाजलेले शेंगदाणे एक मोठा चमचा, मीठ.

याखेरीज लादी पाव १०, सोबतीस हिरव्या मिरच्या आणि तळण्यासाठी तेल.

कृती

१. बटाटे सालासकट उकडून पूर्ण निववावेत. सोलून हाताने कुस्करावेत; काही बारीक फोडी राहू द्याव्यात. बटाटा फार घोटल्यास त्यातील पिष्ट मोकळे होऊन सारण चिकट होते.

२. आले, लसूण आणि मिरची खलबत्त्यात जाडसर कुटावी. तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता व हळद यांची फोडणी करून हे वाटण त्यात परतावे. मग बटाटा, मीठ, लिंबाचा रस व कोथिंबीर घालून कालवावे. निवल्यावर लिंबाएवढ्या आकाराहून थोडे मोठे गोळे करून किंचित चपटे करावेत.

३. खोबरे मंद आचेवर बदामी रंगावर भाजावे. त्याच कढईत लसूण परतून घ्यावी. निवल्यावर सर्व जिन्नस एकत्र भरड वाटावेत. फार वेळ वाटल्यास खोबऱ्याला तेल सुटून चटणीचा गोळा होतो.

४. आवरणाचे पीठ सरबरीत भिजवावे. त्यात गोळा बुडवून उचलला असता त्यावर अखंड थर राहिला पाहिजे. पीठ पातळ झाल्यास वडा उघडा पडून सारण तेलात उतरते. घट्ट झाल्यास आवरण जाड आणि आतून कच्चे राहते. मोहन व सोडा तळण्याच्या वेळीच घालावा.

५. तेलात पिठाचा थेंब टाकल्यावर तो लगेच वर आला की तेल तापले असे समजावे. एका वेळी तीन-चारच वडे सोडावेत. अधिक सोडल्यास तेल निवते आणि वडे तेल पितात. मध्यम आचेवर सोनेरी रंग येईपर्यंत तळावेत. सारण आधीच शिजलेले असल्याने केवळ आवरण शिजणे आवश्यक असते.

६. उरलेल्या पिठाचे थेंब तेलात पाडून कुरकुरीत चुरा तळावा. मिरच्यांना चीर देऊन त्या तळाव्यात व मीठ लावावे. चीर न दिल्यास मिरची तेलात फुटते.

७. पाव चिरून आतून चटणी लावावी, वडा ठेवावा, वर चुरा पसरावा आणि तळहाताने हलका दाब द्यावा.

घरचा आणि गाडीवरचा वडापाव

एकाच कृतीने केलेला असूनही घरचा वडापाव गाडीवरच्यासारखा लागत नाही, असा अनेकांचा अनुभव असतो. गाडीवर मोठ्या कढईत भरपूर तेल सतत तापलेले असते. वडे टाकल्यावर त्याचे तापमान फारसे उतरत नाही. घरच्या लहान कढईत ते लगेच उतरते. गाडीवर वडा कढईतून निघताच पावात जातो आणि त्याच्या वाफेने पाव मऊ होतो. घरी बहुधा सर्व वडे तळून झाल्यावर पंगत बसते, तोवर आवरण नरम पडते. वडे तळतानाच एकेकाला वाढणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

पाव त्याच दिवशी भाजलेला असावा. लादीत पाव एकमेकांना चिकटून भाजले जात असल्याने त्यांच्या बाजू मऊ राहतात. वडा दाबून बसवण्यास हा मऊपणा आवश्यक असतो. परदेशातील मराठी कुटुंबे लादी पाव न मिळाल्यास जेवणासोबतचे मऊ छोटे पाव वापरतात. मात्र ते गोड असल्यास चव बदलते.

तेलाच्या बाबतीत घरचा वडा सरस ठरू शकतो. एकच तेल पुनःपुन्हा तापवल्याने त्यात आरोग्यास अपायकारक ध्रुवीय संयुगे वाढतात. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातील अशा संयुगांची कमाल मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. वर्तमानपत्राच्या कागदात तळलेले पदार्थ बांधण्यासही प्राधिकरणाचा विरोध आहे, कारण छपाईची शाई अन्नात उतरते.

स्थानिक वैशिष्ट्ये

दादर पश्चिमेस छबिलदास गल्लीतील श्रीकृष्ण हे दुकान मोठ्या आकाराच्या बटाटावड्यासाठी, तर कीर्ती महाविद्यालयाजवळील गाडी चुऱ्यासाठी ओळखली जाते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरील आराम हे जुने उपाहारगृहही प्रसिद्ध आहे. परळमध्ये केईएम आणि टाटा स्मारक रुग्णालयांत येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना वडापाव हे सहज परवडणारे अन्न आहे. लालबागमधील मसाल्याच्या दुकानांतून घरगुती चटणीसाठी लागणारे तिखट नेण्याची अनेक कुटुंबांची प्रथा आहे.

मुंबईच्या अनेक भट्ट्यांत पाव लाकडावर भाजला जातो. हवेच्या प्रदूषणाच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरील भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचे आदेश दिले. इंधनबदलाचा खर्च आणि पावाची किंमत यांविषयी त्यानंतर भट्टीचालकांनी चिंता व्यक्त केली. वडापाव स्वस्त राहणे हे बऱ्याच अंशी पाव स्वस्त राहण्यावर अवलंबून आहे.

समान पदार्थ

कच्छमधील मांडवी येथील दाबेलीतही पावात बटाट्याचे सारण भरतात, परंतु त्याला पिठाचे आवरण नसते. कॅरिबियन बेटांवरील डॉमिनिकन प्रजासत्ताकात 'चिमी' हा पदार्थ संध्याकाळनंतर गाड्यांवर विकला जातो. स्थानिक पावात मसाला लावून भाजलेली खिम्याची वडी, चिरलेला कोबी, टोमॅटो, कांदा आणि अंड्याच्या मेयोनीज व टोमॅटो केचपचे गुलाबी मिश्रण असे त्याचे स्वरूप असते. चिमी मांसाहारी आणि वडापाव शाकाहारी असला, तरी भट्टीचा पाव, गरम वडी आणि झणझणीत किंवा आंबट-गोड लेप ही रचना दोन्हींत समान आहे.

हेही पाहा

बटाटावडा
मिसळ
दाबेली
गिरणगाव